सुवाह्य संगणक, जुने : यूएसबी विद्युत् पुरवठा

सुवाह्य संगणक, जुने : यूएसबी विद्युत् पुरवठा : साधारणपणे १९८० ते २००५ या काळात तयार झालेल्या, एका जागेहून दुसऱ्या जागी नेता येणाऱ्या संगणकांना त्यांच्या मूळ अडॅप्टरऐवजी सध्याच्या यूएसबी (युनिव्हर्सल सीरियल बस) चार्जरमधून किंवा विद्युत् संचयकातून (पॉवर बँकेतून) विद्युत् शक्ती पुरविण्याची पद्धत. या संगणकांपैकी अनेकांचे मूळ अडॅप्टर हरवलेले वा निकामी झालेले असतात आणि त्यांचे उत्पादन केव्हाच बंद झालेले असते. शिवाय अमेरिकेत विकलेल्या यंत्रांचे अडॅप्टर बहुधा १२० व्होल्टचे असत. ते भारतातील २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्यास थेट जोडल्यास त्यांतील रोहित्र जळून जाते. याउलट यूएसबी चार्जर सर्वत्र मिळतात व त्यांतील बहुतेक १०० ते २४० व्होल्ट अशा कोणत्याही पुरवठ्यावर चालतात. त्यामुळे जुने संगणक चालू स्थितीत ठेवू पाहणारे संग्राहक, संग्रहालये आणि त्यांतील जुनी माहिती परत मिळवू इच्छिणाऱ्या व्यक्ती या पद्धतीचा अवलंब करतात.

या पद्धतीतील मुख्य अडचण दोन पिढ्यांच्या विद्युत् पुरवठ्यांतील मूलभूत भेदामुळे उद्भवते. नव्या पद्धतीत उपकरण आपली गरज चार्जरला कळविते व त्यानंतरच चार्जर वाढीव विद्युत् दाब देतो. जुन्या संगणकाला अशी मागणी करता येत नाही. त्याच्या सॉकेटमध्ये जो दाब येईल तो त्याला स्वीकारावा लागतो. म्हणून त्याच्या वतीने मागणी करणारे एखादे मंडल मध्ये बसवावे लागते. या मंडलाने चुकीची मागणी केल्यास ती चूक चार्जरच्याही लक्षात येत नाही आणि संगणकाच्याही. परिणामी योग्य मागणी ठरविण्याची सर्व जबाबदारी जोडणी करणाऱ्यावर येते.

जुन्या संगणकांचे विद्युत् पुरवठे : विद्युत् पुरवठ्याच्या दृष्टीने या संगणकांचे ढोबळमानाने चार वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात बाजारात ‘पेन्सिल सेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुट्या विद्युत् घटांवर चालणारे संगणक येतात. जपानमधील क्योसेरा कंपनीने तयार केलेला व अमेरिकेत टँडी कंपनीने १९८३ मध्ये विक्रीस आणलेला टीआरएस-८० मॉडेल १०० हा याचा प्रसिद्ध नमुना होय. ४० अक्षरांच्या ८ ओळी दाखविणारा हा संगणक चार घटांवर सु. २० तास चालत असे. त्याच्या अडॅप्टरचा दाब ६ व्होल्ट होता. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे ९५ एलएक्स (१९९१) व २०० एलएक्स (१९९४) हे तळहातावर मावणारे संगणक दोन घटांवर चालत. मात्र त्यांच्या अडॅप्टरचा दाब १२ व्होल्ट होता. यावरून घटांच्या संख्येवरून अडॅप्टरच्या दाबाचे अनुमान करता येत नाही, हे स्पष्ट होते.

दुसऱ्या वर्गात निकेल-कॅडमियम वा शिसे-अम्ल प्रकारची घटमाला आत बसविलेले संगणक मोडतात. एप्सन एचएक्स-२० (१९८१ मध्ये जाहीर) या संगणकात ४.८ व्होल्टची निकेल-कॅडमियम घटमाला होती. अ‍ॅपल कंपनीच्या मॅकिंटॉश पोर्टेबल (१९८९) व पॉवरबुक १०० (१९९१) या संगणकांत शिसे-अम्ल घटमाला वापरलेली होती.

तिसऱ्या वर्गात १९९० नंतरचे लॅपटॉप संगणक येतात. त्यांच्या आत दाब बदलणारी मंडले असून त्यांना बाहेरून एकच एकदिश दाब लागतो, उदा., आयबीएम कंपनीच्या थिंकपॅड ६०० (१९९८) पासून टी ४० (२००३) पर्यंतच्या अनेक प्रतिमानांना १६ व्होल्ट, तर तोशिबा कंपनीच्या अनेक प्रतिमानांना १५ व्होल्ट.

चौथ्या वर्गात ऑस्बोर्न १ (१९८१) किंवा कॉम्पॅक पोर्टेबल (१९८३) यांसारखे, मूठ लावलेल्या पेटीच्या आकाराचे व १० किग्रॅ. पेक्षा अधिक वजनाचे संगणक येतात. त्यांत ऋण किरण नलिकेचा पडदा असून ते थेट घरगुती प्रत्यावर्ती पुरवठ्यावर चालत. त्यांच्या आतील पुरवठा-मंडल एकाच वेळी अनेक वेगवेगळे दाब निर्माण करते. असे संगणक यूएसबी चार्जरवर चालविणे व्यवहार्य नसते. पुढील विवेचन पहिल्या तीन वर्गांपुरते आहे.

मूळ अडॅप्टरचे स्वरूप : १९८० च्या दशकातील लहान अडॅप्टरमध्ये बहुधा एक रोहित्र, एकदिशकारक डायोड व एक धारित्र एवढेच भाग असत. त्यांतून मिळणारा दाब स्थिर नसे. अडॅप्टरवर लिहिलेला दाब पूर्ण भार असतानाचा असे. भार नसताना तोच दाब २ ते ३ व्होल्टही अधिक भरत असे. संगणकाची रचना करताना हा चढउतार गृहीत धरलेला असे. यूएसबी चार्जरचा दाब याउलट बराच स्थिर असतो. त्यामुळे जुन्या अडॅप्टरचा दाब भार न लावता मोजून तो ‘खरा’ मानणे चुकीचे ठरते. अडॅप्टरवर वा संगणकाच्या तळाशी छापलेला दाब प्रमाण मानावा लागतो.

यूएसबी पुरवठ्याचा विकास : कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी व नॉर्टेल या सात कंपन्यांनी एकत्र येऊन यूएसबीची रचना केली. तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी इंटेलमधील अजय भट्ट यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले होते. जानेवारी १९९६ मधील पहिल्या मानकानुसार ५ व्होल्ट दाब व जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर प्रवाह, म्हणजे २.५ वॉट शक्ती मिळत असे. कळफलक, माऊस इ. लहान उपकरणांपुरतीच ही सोय होती. यूएसबी ३.० (२००८) मध्ये प्रवाहाची मर्यादा ९०० मिलिअँपिअर झाली.

२०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी घालता येणारा, २४ टोकांचा सी-प्रकारचा जोड प्रचारात आला. यातील दोन टोके केवळ परस्परसंपर्कासाठी राखून ठेवलेली आहेत. उपकरणाच्या बाजूस या टोकांना ५.१ किलोओहमचे रोधक जोडलेले असल्यासच चार्जर दाब सुरू करतो. रोधक नसतील, तर दोन्ही टोके सी-प्रकारची असलेली केबल लावूनही काहीच दाब मिळत नाही. घरी केलेल्या जोडण्यांमधील ही एक नेहमीची उणीव आहे.

याच संपर्क टोकांद्वारे चालणाऱ्या ‘पॉवर डिलिव्हरी’ या पद्धतीत चार्जर आरंभी ५ व्होल्ट दाब देतो व आपण कोणकोणते दाब आणि किती प्रवाह देऊ शकतो याची यादी उपकरणास पाठवितो. उपकरण त्यांपैकी एकाची मागणी करते. चार्जर ती मान्य करून दाब बदलतो. प्रमाण दाब ५, ९, १५ व २० व्होल्ट हे आहेत. १५ वॉटपेक्षा अधिक शक्तीच्या चार्जरमध्ये ९ व्होल्ट, २७ वॉटपेक्षा अधिक असल्यास १५ व्होल्ट आणि ४५ वॉटपेक्षा अधिक असल्यास २० व्होल्ट असण्याचे बंधन आहे. १२ व्होल्ट हा दाब ऐच्छिक असून अनेक चार्जरमध्ये तो नसतो. २०१७ मध्ये या पद्धतीला दाब बारीक टप्प्यांनी बदलण्याची जोड मिळाली. ज्या चार्जरमध्ये ही सोय आहे त्याच्याकडून २० मिलिव्होल्टच्या टप्प्यांनी हवा तो दाब मागता येतो. याची कमाल मर्यादा चार्जरनुसार ११, १६ किंवा २१ व्होल्ट अशी वेगवेगळी असते. २०२१ मधील सुधारणेने ४८ व्होल्ट व २४० वॉटपर्यंतची तरतूद झाली. यूरोपीय संघाने २०२२ मध्ये केलेल्या निर्देशानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून भ्रमणध्वनी व तत्सम उपकरणांना सी-प्रकारचे सॉकेट सक्तीचे झाले. लॅपटॉप संगणकांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. त्यामुळे असे चार्जर दीर्घकाळ उपलब्ध राहतील, अशी अपेक्षा करता येते.

विद्युत् दाब जुळविणे : यासाठी तीन मार्ग आहेत. (१) थेट ५ व्होल्ट देणे : चार नवीन अल्कली घटांचा एकत्रित दाब ६ व्होल्ट असतो व वापरात तो ५ व्होल्टच्याही खाली जातो, पुन्हा भारित करता येणाऱ्या चार निकेल-मेटल हायड्राइड घटांचा दाब तर मुळातच ४.८ व्होल्ट असतो. अशा घटांवर चालणारा टीआरएस-८० मॉडेल १०० सारखा संगणक यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालू शकतो. (२) प्रमाण दाबाची मागणी करणे : ठरावीक दाब मागणारे एक लहान मंडल चार्जर व संगणक यांच्यामध्ये बसवितात. १५ व्होल्टच्या संगणकास हा मार्ग सोयीचा आहे. (३) दाब रूपांतरित करणे : ७.५, १२ वा १६ व्होल्ट यांसारखे, प्रमाण दाबांच्या अधल्यामधल्या मूल्यांचे दाब लागत असल्यास रूपांतरक मंडल वापरतात. त्यात इलेक्ट्रॉनीय स्विच सेकंदास लाखो वेळा उघडझाप करून तारेच्या वेटोळ्यात ऊर्जा साठवितो व सोडतो; उघडझापेचे प्रमाण बदलून दाब वाढविता वा कमी करता येतो. उदा., पॉवरबुक १०० चा अडॅप्टर ७.५ व्होल्ट व २ अँपिअरचा होता; चार्जरकडून ९ व्होल्ट घेऊन ते ७.५ व्होल्टपर्यंत उतरविणे योग्य, पण ९ व्होल्ट थेट देणे धोक्याचे ठरते.

थिंकपॅड ६०० च्या अडॅप्टरवर १६ व्होल्ट व ३.३६ अँपिअर असे लिहिलेले असते. २० व्होल्टवरून १६ व्होल्टवर येण्यासाठी जादा दाब उष्णतेच्या रूपाने घालविणारा साधा नियंत्रक वापरल्यास पूर्ण भारावर सु. १३ वॉट शक्ती वाया जाऊन तो अतिशय तापेल. ९२ टक्के कार्यक्षमतेच्या रूपांतरकात ही हानी सु. ५ वॉट एवढीच राहते. दाब टप्प्यांनी बदलणारा चार्जर असल्यास १६ व्होल्ट थेटही मागता येतात. मात्र अशी मागणी दर काही सेकंदांनी पुन्हा करीत राहावे लागते, अन्यथा चार्जर तो दाब काढून घेतो. त्यामुळे एकदा मागणी करून थांबणारे मंडल येथे पुरत नाही.

मागणी करणाऱ्या मंडलांबाबत दोन धोके लक्षात घ्यावे लागतात. मागितलेला दाब चार्जरपाशी नसेल, तर काही मंडले त्याहून कमी असलेला दाब पुढे पाठवितात. १२ व्होल्ट मागितले असता ९ व्होल्ट मिळणे हे याचे नेहमीचे उदाहरण होय. याहून गंभीर धोका बटण दाबून दाब बदलता येणाऱ्या मंडलांचा आहे. ते चुकून २० व्होल्टवर राहिल्यास ६ व्होल्टच्या संगणकातील मंडले क्षणार्धात नष्ट होऊ शकतात. म्हणून दाब पक्का बसविलेले आणि अपेक्षित दाब न मिळाल्यास निर्गम बंद ठेवणारे मंडल अधिक सुरक्षित असते. प्रत्येक नव्या चार्जरबरोबर संगणक जोडण्यापूर्वी निर्गम दाब बहुमापकाने मोजणे आवश्यक असते.

ध्रुवता व जोड : सध्या गोल जोडांमध्ये मधली पिन धन ठेवण्याची प्रथा आहे. पण १९८० च्या दशकात तसा सर्वमान्य नियम नव्हता; टीआरएस-८० मॉडेल १०० च्या जोडात मधली पिन ऋण असते. बाजारात मिळणारी साधी यूएसबी केबल अशा संगणकास लावल्यास दाब बरोबर असूनही ध्रुव उलटे होतात. संगणकाच्या तळाशी वा मूळ अडॅप्टरवर छापलेल्या अर्धवर्तुळ व टिंबाच्या खुणेवरून ध्रुवता ओळखता येते. गोल जोडांची मापेही फसवी असतात. ५.५ मिमी. बाह्य व्यासाच्या जोडात आतील व्यास २.१ किंवा २.५ मिमी. असतो, चुकीचा जोड सैल बसून मधूनमधून संपर्क तुटतो आणि काम चालू असताना संगणक बंद पडतो.

प्रवाह व शक्ती : चार्जरची प्रवाहक्षमता संगणकाच्या गरजेपेक्षा अधिक असल्यास अपाय होत नाही, कारण संगणक आवश्यक तेवढाच प्रवाह घेतो, ती कमी असल्यास मात्र पुरवठा कोसळतो. १२ व्होल्ट व ०.७५ अँपिअर, म्हणजे ९ वॉट, हे यूएसबीच्या ५ व्होल्टपासून मिळवायचे असल्यास ८५ टक्के कार्यक्षमता धरता सु. १०.६ वॉट, म्हणजेच सु. २.१ अँपिअर प्रवाह लागतो. २.५ वॉट देणाऱ्या जुन्या यूएसबी सॉकेटमधून तो मिळणे शक्य नाही. बारीक तारांच्या केबलचा रोध एकूण ०.२५ ओहम असला, तरी २ अँपिअर प्रवाहाने तिच्यातच अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. हार्ड डिस्क फिरू लागताना काही क्षण नेहमीपेक्षा बराच अधिक प्रवाह लागतो. त्या वेळी अपुरा चार्जर स्वतःला बंद करून घेतो व संगणक पुन:पुन्हा सुरू होऊन बंद पडताना दिसतो. तसेच १५ व्होल्टच्या प्रमाण दाबावर सामान्यतः ३ अँपिअर प्रवाह मिळतो. त्यामुळे १५ व्होल्टवर ४ अँपिअर मागणाऱ्या लॅपटॉपास १०० वॉटचा चार्जरही अपुरा पडू शकतो. अशा वेळी २० व्होल्ट घेऊन ते रूपांतरकाने उतरवावे लागतात. ३ अँपिअरपेक्षा अधिक प्रवाहासाठी आपली क्षमता चार्जरला कळविणारी, विशेष खूण असलेली केबलही लागते.

याच्या उलट प्रकारची अडचण फार कमी प्रवाह घेणाऱ्या संगणकांना येते. अनेक विद्युत् संचयक प्रवाह अत्यल्प झाला की उपकरण पूर्ण भारित झाले असे समजून पुरवठा बंद करतात. टीआरएस-८० मॉडेल १०० मधील लेखन कोणत्याही तबकडीवर नव्हे, तर सतत विद्युत् पुरवठा लागणाऱ्या स्मृतीत साठविलेले असते. बाहेरील पुरवठा बंद पडल्यावर ते आतील लहान निकेल-कॅडमियम घटमालेवर टिकते. ती घटमाला निकामी झालेली असल्यास सर्व मजकूर नाहीसा होतो. म्हणून अशा यंत्रात यूएसबी पुरवठ्याबरोबर चांगले घटही बसवून ठेवणे आणि महत्त्वाचा मजकूर आधी अन्य संगणकावर उतरवून घेणे हितावह असते.

घटमालेचे कार्य : अनेक जुन्या संगणकांत अडॅप्टरचे मुख्य काम संगणक चालविणे हे नसून घटमाला भारित करणे हे असते. एचएक्स-२० मधील चार घटांचा नाममात्र दाब ४.८ व्होल्ट असला, तरी पूर्ण भारित होताना प्रत्येक घटाचा दाब १.४ ते १.५ व्होल्ट, म्हणजे एकूण ५.६ ते ६ व्होल्ट होतो. ५ व्होल्टच्या पुरवठ्याने ही घटमाला पूर्ण भारित होऊ शकत नाही. मॅकिंटॉश पोर्टेबलच्या मूळ प्रतिमानात घटमाला निकामी असल्यास अडॅप्टर जोडूनही संगणक सुरू होत नसे. त्याच्या बाबतीत अचूक दाबाचा यूएसबी पुरवठाही एकट्याने उपयोगी पडत नाही व नवी घटमाला बसवावीच लागते. घटमालेचा प्रकार बदलण्याचा मोहही टाळावा लागतो. निकेल-कॅडमियमसाठी असलेल्या भारण-मंडलावर लिथियम-आयन घट जोडल्यास ते मर्यादेबाहेर भारित होऊन पेट घेऊ शकतात.

पूर्वतपासणी : अनेक वर्षे बंद असलेल्या संगणकास पुरवठा देण्यापूर्वी तो उघडून पाहणे इष्ट असते. निकेल-कॅडमियम घटांतून झिरपलेले अल्कली द्रव्य मंडलपट्टावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. १९९० च्या सुमारास वापरलेल्या लहान विद्युत् विच्छेद्यी धारित्रांतील द्रवही कालांतराने बाहेर पडतो. असे घट व धारित्र काढून, जागा स्वच्छ करून मगच पुरवठा द्यावा लागतो. प्रथम प्रवाहाला मर्यादा घालता येणारा प्रयोगशाळेतील पुरवठा वापरून संगणक किती प्रवाह घेतो हे पाहतात. तो अपेक्षेपेक्षा फार अधिक असल्यास आत बिघाड आहे असे समजून पुरवठा लगेच बंद करतात. कायमच्या जोडणीत वितळतार व उलट ध्रुवतेपासून संरक्षण देणारा डायोड बसविल्यास पुढील चुकांपासून बचाव होतो. संगणकाचे मूळ सॉकेट कापून तेथे यूएसबी सॉकेट बसविण्यापेक्षा सर्व मंडल केबलमध्येच ठेवणे अधिक श्रेयस्कर मानतात. त्यामुळे यंत्राचे मूळ स्वरूप टिकते आणि पुढे अधिक चांगली पद्धत निघाल्यास ती अवलंबिता येते.

महत्त्व : जुन्या संगणकांतील माहिती व आज्ञावली पुष्कळदा त्याच यंत्रावर वाचता येतात. अडॅप्टरअभावी यंत्र बंद राहिले, तर ती माहिती असूनही हाती लागत नाही. चुकीच्या पुरवठ्याने यंत्र नष्ट झाले, तर ती कायमची जाते आणि त्यातील संकलित मंडले पुन्हा मिळतीलच असे नसते. दाब, प्रवाह, ध्रुवता, जोडाचे माप व घटमालेची स्थिती या पाच गोष्टी निश्चित केल्यानंतरच यूएसबी पुरवठ्याचा उपयोग सुरक्षितपणे करता येतो. त्यांपैकी दाब, प्रवाह व ध्रुवता या गोष्टी बहुधा मूळ अडॅप्टरवरील छापील पट्टीवर वा यंत्राच्या माहितीपुस्तिकेत नमूद असतात. म्हणून निकामी झालेला अडॅप्टरही टाकून न देता यंत्राबरोबर जपून ठेवणे उपयुक्त ठरते.